देवकाच्या घाण्यातली वाळू

(वर्धा, १९८५. मोठ्या दवाखान्याचा व्हरांडा, दुपार. बाकावर कुबडी घेऊन देवकाबाई. शेजारी तिचा भाऊ नत्थूजी, प्रयोगशाळेच्या काचभट्टीवरचा कामगार. समोर तिथले संशोधक मधुकरराव.)

नत्थूजी : तो शेरा खोडा साहेब, मंग आमी जातो.

मधुकरराव : कुठला शेरा?

नत्थूजी : माह्या बहिणीच्या कार्डावरचा. ‘सांगूनही रुग्णाने जड कामे केली, त्यामुळे खुब्यात बसवलेला दांडा सैल झाला.’ पन्नाशीत अक्षरं शिकलो मी, पण एवढं वाचता येते.

मधुकरराव : बायका ऐकत नाहीत, नत्थूजी. गावी हिंगणीला शेतात जाऊन बसली असेल निंदायला.

देवकाबाई : वर्ष झालं साहेब, विहिरीवर बी नाई गेली मी. सून पाणी भरते.

नत्थूजी : त्या दांड्यावर लेप हाय तो माह्या भट्टीतल्या काचेचा. शंभर भागात वाळू पंचेचाळीस, बाकी सोडा, चुना, थोडं फॉस्फेट. तुमीच शिकवलं. वाळू कमी असली तं काच अंगातल्या पाण्यात हळूहळू झिजते, अन् हाड तिले चिकटते.

मधुकरराव : बरोबर आहे.

नत्थूजी : मंग देवकाच्या दांड्यासाठी जो घाणा वितळवला, त्याच्यात वाळू किती होती?

मधुकरराव : इथं नको. प्रयोगशाळेत चला.

नत्थूजी : इथंच. त्या दिवशी काच पाण्यात ओतताना धार तुटेच ना, काकवीवानी. मी इचारलं, वाळू जास्त पडली का? तुमी म्हणले, भट्टी थंडी हाय. दोन घंटे आच वाढवत राह्यलो मी येड्यासारखा.

मधुकरराव : पंचेचाळीसची काच हाडाला धरते, पण धातूवर टिकत नव्हती. निवताना धातूपेक्षा जास्त आकसायची, तडकून पापुद्रे निघायचे. तुम्हीच झाडून काढायचात ते.

नत्थूजी : काढले ना. किती येळा काढले.

मधुकरराव : वाळू वाढवली की आकसणं कमी होतं. बासष्टवर नेली. लेप असा बसला की छिन्नीनं निघेना.

नत्थूजी : अन् हाड?

मधुकरराव : एवढ्या वाळूची काच झिजतच नाही. हाड तिच्या शेजारी नुसतं राहतं.

नत्थूजी : माहीत होतं तुमाले?

मधुकरराव : शंका होती. आधी सशांवर बघायचं होतं. पण दिल्लीचे पाहुणे यायचे होते. चालता पेशंट दाखवायचा होता.

देवकाबाई : मले चालवलं तो दिवस?

मधुकरराव : हो, बाई.

देवकाबाई : मंग कार्डावर दोष माहा काऊन?

मधुकरराव : वरच्यांना काहीतरी कारण द्यायला हवं होतं.

देवकाबाई : आमच्या घरधन्यायनं ते कार्ड मास्तरकडून वाचून घेतलं. तवापासून रोज ताटावर बोलणं हाय. आपल्या हातानं पाय घालवला म्हणते. मले बी वाटून राह्यलं होतं, नकळत एखादा हंडा उचलला असन.

नत्थूजी : खोडा साहेब.

मधुकरराव : खोडतो. खरं लिहून सही करतो. नोकरी जाईल माझी.

नत्थूजी : माही बी जाईन. लिहा.

मधुकरराव : घ्या. वाचून बघा.

नत्थूजी : ‘लेपाच्या काचेत वाळूचे प्रमाण वाढवले होते. त्यामुळे हाड चिकटले नाही. रुग्णाचा दोष नाही.’ ऐकलं ना देवका? तुहा दोष नाई.

देवकाबाई : ऐकलं. दादा, पाहुण्यायसमोर चालायच्या आधी मी तुह्या कानात काय म्हणलं होतं?

नत्थूजी : दुखते म्हणली होती.

देवकाबाई : अजून?

नत्थूजी : आत हलते म्हणली होती.

देवकाबाई : अन् तू?

नत्थूजी : म्हणलं, साहेबायच्या इज्जतीचा सवाल हाय. तोंड हासरं ठेवजो.

देवकाबाई : ठेवलं होतं मी.

नत्थूजी : चल आता. पायऱ्या हायेत, माह्या खांद्यावर हात ठेव.

देवकाबाई : राहू दे. मी भिंतीच्या आधारानं उतरते.