काळीज अजून काट्यावर आहे

अरे, ऐका तर! परवा आमच्या बाबांनी चिनूचं पुस्तक रद्दीत घातलं. चिनू माझी धाकटी बहीण, सहावीतली. गोष्ट इजिप्तच्या देवांची. तराजूच्या एका पारड्यात एका पोराचं काळीज, दुसऱ्यात पीस. काळीज जड निघालं तर मगरतोंड्या राक्षस ते खाणार. तिचं शेवटचंच पान राहिलं होतं, पण बाबांना ती मुडद्यांची थेरं वाटली. स्वतः राशिभविष्यापलीकडे कधी काही वाचलं नाही!

"दादा, चल ना! त्याचं काळीज अजून काट्यावर आहे!"

कुळगावात रद्दीवाल्याकडे धावत पोचलो, तर आमचा गठ्ठा खरंच त्याच्या काट्यावर! चिनूनं पुस्तक खेचलं आणि तिथंच उभ्यानं, मोठ्यानं वाचलं. पोराचं पारडं खाली जातं, तशी त्याची बहीण ओरडते, "यातलं अर्धं ओझं माझं आहे!" राक्षस गप्प. रद्दीवाल्यानं पुस्तक तिलाच देऊन टाकलं.

घरी बाबा दारातच उभे. "स्वतः कॉलेज सोडलंस, आता हिलाही बिघडव!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चिनू मध्ये आली. "बाबा, दादाला अर्धंच ओरडा. उरलेलं मला."

शप्पथ सांगतो, राक्षस पुन्हा गप्प!