बादलचं शिंग

तुम्हाला परवाची गंमत सांगते. किन्हवलीत मी बॅनरसाठी हातानं चित्रं काढते ना, तर शर्यतीच्या बैलाचं चित्र सांगून गेलेले एक काका आले आणि त्यांनी मोबाइल एकदम माझ्या तोंडासमोर धरला. मी दचकलेच.

"एआयनं मिनिटात काढला आमचा बादल!"

बैल खरंच देखणा होता. माझं काम गेलं म्हणून मी गुपचूप पेन्सिल ठेवली. काका मात्र जाईनात.

"काय झालं, काका?"

"बायको म्हणते, यो कोणाचा बैल? आमच्या बादलचं डावं शिंग मोडकं हाय. तीनदा सांगितलं, तरी मोबाइल शिंग जोडूनच देतो."

"मग?"

"मग काय गो! त्यानं सुधारलाय. आता तू बिघडवून आमचा कर."