रेघ सपाट होते तेव्हा

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीबाहेर म्हातारबुवा पुस्तकात डोकं घालून बसले होते. शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण ते कानावर पडतच होतं.

“जा ना आत. बाळाला बघून ये.”

“नको, आई. पडद्यावर त्याच्या मेंदूची ती रेघ सपाट झाली की माझा जीवच जातो.”

“अगं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, एवढ्याशा बाळाची अशीच असते. मध्येच उसळते, मग निवते, पुन्हा उसळते.”

“पण उसळते कशाने? त्याने अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत.”

“आपली आपणच. कुणी हाक मारायला लागत नाही म्हणे.”

“म्हणजे तुमच्या लेकासारखाच. एकटा बडबडत बसणार.”

“हसलीस बाई एकदाची! जा, बोल त्याच्याशी.”

“काय बोलू? त्याला थोडंच कळणार आहे?”

“त्याला तरी कुणी काही विचारलंय? बोलतोच आहे ना तो?”

बऱ्याच वेळाने म्हातारबुवांनी पान उलटलं. शेजारची एक खुर्ची रिकामी होती, आणि सासूबाई दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसल्या होत्या.