सर्जेरावाला लागलेला चकवा

ऐका रं पोरांनो. ए, ते लाकूड आत सार, धूर डोळ्यांत जातोय. सर्जेतात्याच्या अंगणात शिरायच्या आधी लांबनंच आपलं नाव का सांगायचं, असं विचारत हुता न्हवं? मग गप बसा, सांगते.

तात्या तवा लढाईवरनं नुकता आलेला. अंगावर ओरखडा न्हाई! गाव म्हणालं, देवानं राखलं. पण त्याची बायको शालन रोज बघत हुती. ताटातली भाकरी तशीच. झोपेत किंचाळायचा. एकदा तिनं खांद्याला हात लावून उठवलं, तर ह्या बाबानं झोपेतच तिचा गळा धरला! शुद्धीवर आला आन् ल्हान पोरागत रडला. सासू म्हणाली, बाहेरचं लागलंय. भगत झाला, लिंबू झालं, कोंबडं झालं. भगत तेवढा पोसला, बाकी काय न्हाई.

मग आली जत्रा. लढाईवरनं आलेल्या जवानाचा मान तवा कसा करायचे? उखळी बार काढून! लोखंडी उखळात दारू ठासायची, आन् गळ्यात हार घालून त्याला फुडं उभा करायचा. गावाला लई कौतुक. रात्री पालखी निघाली आन् धडाम! पहिला बार. धडाम! दुसरा. पोरं टाळ्या वाजवत्यात, आन् हार पडलाय भुईवर. सर्जेराव कुठाय? काळोखात पळाला हुता, मळ्याकडं.

शालननं कंदील उचलला. सासू आडवी आली. "अगं, त्या वाटेला चकवा हाय!"

चकवा ठाऊक हाय ना? माणसाला एकाच जागी गरगर फिरवतो. वाट म्हणून सरत न्हाई.

शालन म्हणाली, "आत्याबाई, चकवा त्यांस्नी लागलाय, पण फिरतंय आपलं सगळं घर. सोडा मला." आन् गेली बाई एकटी.

ओढा ओलांडला तर दिसला. चिंचेभोवती वाकून चालत हुता. एक फेरा. परत तिथंच. परत! चकव्याचे खेळ बघा आता. आधी त्याला जळक्या दारूगोळ्याचा वास दिला. मग लढाईतलं बर्फ दाखवलं. आपल्याकडं, चैत्रात! आन् मग दिली हाक. कुणाची? दिनकरची. दिनकर त्याचा पलटणीतला जोडीदार, तिकडंच मेलेला. "सर्जा, पाणी..." शालनला कायबी ऐकू येईना. पण सर्जेराव थबकला. "आलो दिनकर, आलो!" म्हणत सरळ निघाला, आन् फुडं पडकी विहीर. कठडा न्हाई, काय न्हाई!

तुम्ही काय केलं असतं? झडप घातली असती. शालनबी धावली. हात फुडं केला, आन् तिला तो गळा धरलेला आठवला. झटापट झाली तर दोघं तळाला. तवा तिला म्हाताऱ्यांचं सांगणं आठवलं. चकवा लागला की चालू नये. भुईला हात लावून बसावं. ती तिथंच मटकन बसली आन् लांबनं बोलली, हळू. "अहो, मी शालन. ही आपल्या मळ्याची वाट. बार उडाले ते जत्रंचे. बसा. भुईला हात लावा."

"सरक! दिनकर पाणी मागतोय!"

"मी शालन. ही मळ्याची वाट. बसा."

किती येळा म्हणाली, तिचं तिला ठाऊक. घसा सुकला. आन् बसला की वो तो! मूठभर माती घेतली, हुंगली. "आपलीच हाय," म्हणाला. मग आल्यापासनं जे बोलला नव्हता, ते बोलला. "तो पाणी मागत हुता, शालन. माझी बाटली रिकामी हुती. तो गेला आन् मी आलो."

शालन विसरा म्हणाली न्हाई. ती म्हणाली, "सांगा. मी बसलीय हितं." उजाडेस्तोवर तो सांगत राहिला. उजाडलं तवा दिसलं, त्याची टाच विहिरीच्या काठावर हुती.

पुढं ती त्याला पलटणीच्या दवाखान्यात घिऊन गेली. तिथली डॉक्टरीण म्हणाली, हा आजार हाय, लई जवानांस्नी होतो. भित्रेपणा न्हाई आन् भूतबी न्हाई. गोळ्या दिल्या, बोलतं केलं. मग शालनकडं वळून इचारलं, "तुम्ही झोपता का?" तवा ती बया ढसाढसा रडली. तोवर तिला कुणी इचारलंच नव्हतं.

चकवा गेला का? एकदम न्हाई गेला. अजून कधीमधी येतो. पण आता तात्याला बसायचं ठाऊक हाय, आन् गावाला लांबनं नाव सांगायचं. बार बंद झाले. जत्रंत तात्या पाणपोईवर बसतो. तुम्ही हसता ना, म्हातारा दोन तांबे पाजल्याबिगर सोडत न्हाई म्हणून?

हं. आता कोण हसंना झालंय.

त्या विहिरीच्या वाटेला कुणी जाऊ नका. आन् कुणी निघालेलं दिसलंच, तर मागनं धरू नका. लांबनं नाव सांगा आन् बसा. उठा आता, जावा घरी. तात्याच्या अंगणावरनं जाताना मोठ्यांदा नाव सांगा. आन् पाणी दिलं, तर तहान नसली तरी प्या.