ज्याला काहीच येत नाय असा माणूस

...नाय, पण मी म्हणतो, अभ्यास करायचाय तर कर की बाई, पुस्तक हाय, खुर्ची हाय, पंखा हाय, माझ्या डोक्याला कशाला ताप? तुम्हाला सांगतो, मी महिपती, पेणला गणपतीचा कारखाना, डोळ्यांची आखणी मी स्वतः करतो, दुसऱ्याला हात लावू देत नाय, आणि आमच्या सुनेला, नूतनला, व्हायचंय तलाठी! त्यात यंदा शेवटची संधी, पुढं वय बसत नाय. मागच्या खेपेला पोरीनं अख्खं पुस्तक पिवळ्या पेनानं रंगवलं, माझ्या कारखान्यात एवढा पिवळा खपत नाय हो! आणि परीक्षेत डोळ्यांसमोर काय आलं? नुसता पिवळा! नापास. जेवली नाय बिचारी. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग माहेरी रोह्याला गेली, तिथल्या क्लासच्या सरांनी सांगितलं, "नुसतं वाचू नका! आधी प्रश्न काढा, मग वाचा, मग पुस्तक मिटा, आणि ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला समजावून सांगा!" ज्याला काहीच येत नाही... आणि अख्ख्या पेणमध्ये तिला मीच सापडलो!

मुलगा कंपनीत शिफ्टला, तो सुटला. आमची बायको सगुणा म्हणते, "माझी सिरियल हाय." मी म्हटलं, अगो नूतन, समोर एवढे गणपती बसलेत, विद्येची देवता, कान बघ केवढे, त्यांना सांग की! तर म्हणते, "त्यांना सगळं येतं बाबा, ते कामाचे नाहीत."

झालं! मी सोंडेला रंग देतोय, ही सातबारा सांगतेय. मी उंदराला शेपूट काढतोय, ही राज्यघटना सांगतेय, आणि मधेच, "आता तुम्ही सांगा बाबा, काय समजलं?" अहो, शाळेत गुरुजींनी वाच म्हटलं, पाठ कर म्हटलं, पण काय समजलं असं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं! मग मीपण विचारायला लागलो, "पण असं का गो?" की ती अडायची, पुस्तक उघडायची, आणि खूश व्हायची! अडली की खूश! असला अभ्यास बघितलाय कुणी? पण खरं सांगू, मलाच सवय लागली. तिला यायला उशीर झाला की हात चालेना.

एक दिवस डोळ्यांची आखणी चाललेली. आखणी म्हणजे श्वास धरायचा, बोलायचं नाय, हा आमचा नियम. आणि हिचा प्रश्न, "राज्याचा वटहुकूम कोण काढतं?" मी नियम विसरलो, म्हटलं, "मुख्यमंत्री!" ती ओरडली, "चूक! राज्यपाल!" माझा हात उडाला, आणि गणपतीचा एक डोळा थेट छताकडं! मी फडकं घेतलं तर म्हणते, "पुसू नका बाबा, परीक्षेपर्यंत राहू द्या." गिऱ्हाईकं येतात, वर छताकडं बघतात, पाल हाय की काय! काय सांगू त्यांना? वटहुकूम हाय?

परीक्षा झाली, नूतन घरी आली ती हसतच. "बाबा, तोच प्रश्न आला! क्षणभर डोकं रिकामं झालं... आणि मग तो डोळा दिसला!" पुढं निकाल लागला. पास झाली हो पोर! मी रडलो. सरळ रडलो, कारागिरांच्या देखत.

आता ती तलाठी, दिवसभर गावं हिंडते. कारखाना शांत. परवा शेजारची भाविका आली, हातात पुस्तक, तीच परीक्षा. मी ब्रश खाली ठेवला, स्टूल पुसलं, म्हटलं, बस गो, कुठून सुरू करू या, घटनेपासून?

तर ती फळीवरच्या गणपतींकडं बोट दाखवून म्हणते, "नको काका, तुम्ही आता त्यांच्यातले. तुम्हाला सगळं येतं." आणि गेली सरळ आत, सगुणाकडं. आणि सगुणानं टीव्ही बंद केला हो!

अख्ख्या पेणमध्ये... आता मीच कामाचा नाय!