वारंटवाल्या सायबाचा रोवणा

माहं माहेर एकोडी, सासर मोहाडीकडचं, अन् दोन्हीकडं धानच धान, रोवणा म्हंजे रोपं चिखलात लावणं, ते अन् कापणी सोडून दुसरं काई मले येत नाई. सासरी धानाची एकच बांधी होती, तेवढंच शेत. तिचा धान गेला तं पुरं घर उपाशी.

त्या वर्षी धानावर गाद आली, बारीक माशीचा रोग हो तो, रोपाचा मधला पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ होते अन् लोंब धरतच नाई. शेतीखात्याचा एक सायेब सायकलीनं दोनदा आला, पऱ्हे, म्हंजे रोवाची रोपं, पाहू द्या म्हणे. माहा सासरा, बुढाच म्हणो आमी त्याले, काठी घेऊन धुऱ्यावर, बांधीच्या काठावर उभा, का म्हणे तुमी रोग पाहान अन् सारे पऱ्हे जाळान, मंग मी रोवू काय, तुमची सायकल?

तिसऱ्यांदा सायेब जीपनं आला, संगं शिपाई अन् बांधी तपासाचं वारंट. काय सांगू तुमाले, तो नसबंदीचा काळ, जीप दिसली का माणसं जंगलात. आमचा बुढा सत्तरीचा, त्याले कोण नेते बापा, पण तोच सर्वांच्या पुढं पळाला, काठी टाकून. बांधीत राहिलो आमी बाया. सायेब वारंट धरून उभा, वाचू कोणाले म्हणे. मी म्हटलं मले वाच, घरची सून आहो मी, पण रोवण्यात जो बांधीत उतरते त्याले आमच्याकडं रोवाच लागते, वारंट असो का नसो. बाया हासल्या. मले वाटलं आता हा चिडते, तं त्यानं वारंट खिशात घातलं, जोडे काढले अन् उतरला चिखलात.

रोवता रोवता पऱ्ह्याच्या पेंडीत तसेच रोगी पोंगे दिसले त्याले. मी हात जोडले, म्हटलं सायेब, एवढंच हाये आमाले. तो म्हणे बाई, जाळाचं काई काम नाई, रोगी तेवढे काढा, बाकीच्याच्या मुळ्या औषधात बुडवून रोवा. औषध त्यानंच जीपमंधून काढलं, शिपायाले पाणी आणाले लावलं. दिवस बुडता बुडता बुढा आला तं सायेब वाकून रोवूनच राहिला होता. बुढ्यानं धोतर खोचलं अन् त्याच्या बाजूले उतरला.

धान पिकला, चांगला पिकला. नव्या तांदळाच्या भाताले बुढ्यानं सायबाले घरी बोलावलं. आमी बौद्ध, गावातले बरेच लोक तवा आमच्या घरचं पाणी पीत नव्हते. सायेब मांडी घालून बसला, पोटभर जेवला, अन् अजून वाढा म्हणे. वाढता वाढता बुढा रडला.

मंग सायबाची बदली झाली, बुढाही गेला. आता माहे गुडघे गेले, सुना रोवतात, मले धुऱ्यावर बसवतात. सायेब जिथं असन तिथं सुखी राहो बापा, त्याच्या ताटातला भात कधी सरू नये.