गुरुदत्त वाकणकर यांच्या तिसऱ्या फेरीबाबत

मी, ऊर्मिला कपिल वाकणकर, वय ४३ वर्षे, व्यवसाय नोकरी (ब्रेक चाचणी विभागात अभियंता), राहणार नेकारसुल्म, जर्मनी, मूळची पुण्याची. मला जर्मन येते. परंतु हा जबाब मराठीत द्यायची माझी विनंती मान्य झाली असून दुभाषी श्रीमती नीता सोबत बसल्या आहेत. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे:

मयत गुरुदत्त वाकणकर, वय ८४, हे माझे सासरे. पुढे त्यांचा उल्लेख बाबा असा करते. ते उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आले होते. सासूबाई साधना यांचे गुडघे दुखत असल्याने त्या पुण्यातच राहिल्या.

बाबा तरुणपणी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला अप्रेंटिस होते. १९६२ च्या सीझनमध्ये एका गॅरेजवाल्याची ऑस्टिन ए-फोर्टी ही छोटी गाडी सलून गाड्यांच्या शर्यतीत धावत असे, तिच्यावर ते सुट्टीच्या दिवशी काम करायचे. स्नेटरटन, एनट्री, ब्रँड्स हॅच ही तिथल्या ट्रॅकची नावे आमच्या घरी सर्वांना पाठ आहेत. जेवताना ते डबा आणि वाट्या मांडून दाखवायचे. डबा म्हणजे जॅग्वार, तो सरळ रस्त्यावर पुढे जायचा. वाट्या म्हणजे लहान गाड्या, त्या वळणावर त्याला गाठायच्या. सासूबाई म्हणायच्या, "अहो, आधी जेवून घ्या."

गॅरेजवाल्याने बाबांना सरावात गाडी चालवायला द्यायचे कबूल केले होते. दर वेळी तो "पुढच्या शर्यतीला तू" असे म्हणे. सीझन संपला. वडील आजारी पडल्याने बाबा बोटीने परत आले व पुढे चिंचवडला कारखान्यात लागले. ती गाडी त्यांनी फक्त ट्रेलरवरून उतरवून वजनकाट्यापर्यंत नेली होती. हे ते हसत सांगायचे.

घटनेच्या दिवशी, रविवारी, मी त्यांना जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेले. माझे पती कपिल कामासाठी वोल्फ्सबुर्गला गेले होते. ट्रॅक जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर आखलेला आहे. बाबा म्हणाले, "तिकडेही असंच होतं. वारा असाच यायचा."

तिथे त्याच ऑस्टिन ए-फोर्टी जातीची एक गाडी उभी होती, हिरवी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. मालक हेर (श्री.) एबर्ले बॉनेट उघडून काम करत होते. बाबांनी आवाज ऐकून कार्ब्युरेटरबद्दल काहीतरी विचारले. दोघे बराच वेळ इंग्रजीत बोलले. बाबांनी तो सीझन सांगितला. हेर एबर्ले म्हणाले, "तर मग, आज दुपारी प्रदर्शनाच्या फेऱ्या आहेत. तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. दोन फेऱ्या, सावकाश."

त्यानंतर हेर एबर्ले यांनी मला बाजूला घेऊन जर्मनमध्ये विचारले, "यांची तब्येत ठीक आहे ना? हृदय वगैरे?"

बाबांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी जपायला सांगितले होते. हे मला माहीत होते. बाबांना जर्मन येत नाही, पण "हेर्त्स", म्हणजे हृदय, हा शब्द त्यांना कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हेर एबर्ले यांना जर्मनमध्ये म्हटले, "सगळं ठीक आहे," आणि बाबांना म्हटले, "जा."

हेर एबर्ले यांना दुसरे काही कळण्याचा मार्ग नव्हता.

हेल्मेट घालण्याआधी बाबांनी स्वेटर काढून माझ्याकडे दिला. पट्टा मी लावला. ते म्हणाले, "सैल कर थोडा. खांदा हलला पाहिजे."

पहिली फेरी त्यांनी जपून घेतली. दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणावर गाडीचे आतले मागचे चाक जमिनीवरून किंचित उचलले गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन फेऱ्या झाल्याने हेर एबर्ले यांनी ट्रॅकबाहेर वळण्याची खूण केलेली मला दिसली. बाबांनी मान हलवून नकार दिला. ते सरळ पुढे गेले.

तिसऱ्या फेरीत झाडांच्या पलीकडे इंजिनचा आवाज उतरला. गाडी हळूहळू बाहेर आली, मार्ग सोडून गवतावर गेली आणि थांबली. मी पोहोचले तेव्हा गिअर न्यूट्रलला होता व हँडब्रेक ओढलेला होता. दोन्ही बाबांनीच केले, असे हेर एबर्ले यांनी मला सांगितले. बाबा त्यांना "सॉरी, वन मिनिट" इतकेच म्हणाले होते. रुग्णवाहिकेच्या लोकांनी बराच प्रयत्न केला. गाडीला काही झालेले नाही. इतर कोणालाही इजा नाही.

सासूबाईंना फोन मी केला. बाबा गेल्याचे सांगितले. मग त्यांनी विचारले, "चालवत कोण होतं?" मी सांगितले, "बाबा." त्या म्हणाल्या, "बरं." आणि फोन शेजारच्या बाईंकडे दिला.

माझे पती कपिल यांनी हेर एबर्ले यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे, हे मला माहीत आहे. ते तिथे नव्हते. मी काय उत्तर दिले ते मी त्यांना त्याच रात्री सांगितले. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. तरी माझे म्हणणे हेच आहे. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.

आजार का लपवला, असे मला विचारण्यात आले. बाबांनी माझ्याकडे पाहिले, म्हणून. याहून वेगळे कारण मला सांगता येत नाही.

वरील मजकूर श्रीमती नीता यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. घटनेच्या नोंदीत बाबांच्या नावापुढे "पाहुणा चालक" असे लिहिले होते. माझ्या सांगण्यावरून त्यातला "पाहुणा" हा शब्द खोडला. त्या जागी व खाली मी सही केली आहे.

ऊर्मिला वाकणकर